मूठभर गवत

६ फेब्रुवारी

छातीत पोट वाजतंय! कान लावला आणि कळलंच. जिथे नुसते ठोके आणि श्वास ऐकू यायचे, तिथे गुडगुड. छाती आणि पोटामधला पडदा फाटून म्हशीचं पोट छातीत शिरलंय. आधीचे दोघे डॉक्टर महिनाभर गॅसचं औषध पाजत बसले. शाब्बास! दर चार दिवसांनी फुगते, शेण डांबरासारखं काळं आणि जेमतेम, तरी एकालाही छातीला कान लावावासा वाटला नाही. एक्स-रे काढला. मी म्हटलं तेच. वर चाऱ्याबरोबर गिळलेली तारही दिसली.

मालकीण एकटीच आलीय, टेम्पोत म्हशीला खेटून उभी राहून. साठीची असेल, सगळे तिला मावशी म्हणायला लागलेत. "माझ्या पोरीला काय झालंय हो डॉक्टरीणबाई?" पोरीला! पोरीचं वजन पाचशे किलो. हिची आई व्यायल्याबरोबर मेली, मावशीने बाटलीने वाढवली म्हणे. मूलबाळ नाही, माणूस नाही, ही एवढीच. मी सांगितलं, चिरल्याशिवाय जगत नाही. "मग चिरा. फक्त मला बघायला सांगू नका."

७ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी बोलावलं. "आधीच्या तिन्ही टेबलावरच गेल्या. ही गेली की म्हशींचं हे ऑपरेशन बंद. खोली कुत्र्यांना देऊन टाकतो." वर हसून — "टाके काय, तुम्ही पोमेरियनलाही छान घालाल." मेल्या! इतकी वर्षं खांद्यापर्यंत हात घालून म्हशींची पोटं चाचपली ती पोमेरियनसाठी?

ही जगलीच पाहिजे.

८ फेब्रुवारी

पहिला टप्पा फत्ते. उभ्यानेच, जागा बधिर करून, डाव्या कुशीला चीर. घमेलीच्या घमेली चारा उपसून पोट रिकामं केलं. दोन तारा, एक खिळा, वर एक दाभण. मग आतून पुढे हात घातला — पडद्याचं भोक बोटांना लागलं. माझी मूठ आरामात जाईल एवढं. काय बरं वाटलं!

परवा तिला उताणी पाडून ते भोक शिवायचं. तोवर खाणं बंद. उताणी असताना चारा घशाशी येऊन फुप्फुसात उतरला की खेळ खलास. मावशीला बजावलं.

"अहो, पण ती माझ्याकडे बघते."

"बघू दे. तुम्ही भिंतीकडे बघा."

फुगा फिस्सकन हसला. फुगा म्हणजे आमचा भुलीचा डॉक्टर. छाती उघडी असते तेव्हा पिशवी दाबून फुप्फुसं तोच फुगवतो, म्हणून फुगा.

९ फेब्रुवारी

मावशीने गवत चारलं! म्हशीच्या ओठांना हिरवं लागलेलं, हिच्या पदरालाही. मूठभरच असेल. फुगा म्हणाला, "एवढ्या पोटाला मुठीने काय होतंय? सोडा ना." मलाही ठाऊक आहे काही होत नाही. तरी सगळ्यांदेखत झाडली तिला. लहान मुलासारखी रडली. मला गार वाटलं.

१० फेब्रुवारी

मेली.

पडदा सुरेख शिवला होता. साहेब काचेतून दवाखाना बघायला आलेल्या पाहुण्यांना माझे हात दाखवत होते. शेवटची गाठ मारायच्या आधी थांबायचं असतं — फुप्फुसं पूर्ण फुगवून छातीतली हवा बाहेर काढायची, मगच गाठ. शिकाऊ पोरांना मीच हे ओरडून ओरडून शिकवते. फुगा म्हणाला, "मॅडम, थांबा!" पाहुण्यांपैकी एकजण जांभई देत होता. मी गाठ मारून मोकळी झाले.

दुपारी जीभ निळी. सुई घालून हवा ओढली, पण उशीर झाला होता.

साहेब बाहेर आले. "काय झालं?" मावशी तिथेच उभी. मी म्हटलं, "यांनाच विचारा. उपाशी ठेवा सांगितलं होतं, चारा घातला."

मावशीने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मी मारली?"

"हो."

११ फेब्रुवारी

मीच उघडून बघितली. श्वासनळी धुतल्यासारखी, गवताची काडी नाही. फुप्फुसं मात्र पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. टाका एकही सुटलेला नाही, म्हणा.

फुगा पुटपुटला, "मावशींना सांगायला हवं." म्हटलं, सांग की! साहेबांनाही सांग, आणि मग बस आयुष्यभर कुत्री फुगवत. हातमोजे काढून निघून गेला. साहेबांचा निरोप आला — तुमचा दोष नाही, ऑपरेशन चालू ठेवा.

जेवले. भूक लागली होती, लाज वाटली तरी लागलीच होती.

२० फेब्रुवारी

नवी म्हैस आली, तेच दुखणं. जगली! पेढे मागताहेत सगळे. फुगा माझ्याशी कामापुरतंच बोलतो. नाही तर नाही.

२ मार्च

मावशी परत आलीय. बरोबर एक वळकटी, बाकी काही नाही. वॉर्डाच्या दारात बसते आणि येईल त्या मालकाचा हात धरून सांगते, "कितीही बघू दे तुमच्याकडे, काही घालू नका. मी माझी पोर अशीच मारली." साहेब खूश. म्हणे, राहू दे, कामाची बाई आहे.

मला बघून उठली. हात जोडले. "बरं झालं तुम्ही तोंडावर सांगितलंत डॉक्टरीणबाई. नाहीतर मला कधी कळलंच नसतं."