पुढे दिलेला ट्रे

कोपरी, रविवार

प्रिय सलोमी,

आजही चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचा ट्रे माझ्यासमोर आला आणि त्यातलं काही न घेता मी तो तसाच शेजारणीकडे दिला. सख्ख्या बहिणीशी अबोला धरून ते घ्यायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं. आता सगळ्या चर्चला कळलंय, या बाईच्या मनात काहीतरी सलतंय.

चूक तुझीच आहे, हे मी अजूनही म्हणते. आईच्या कबरीच्या दगडावर कुठलं वचन कोरायचं, ते तू एकटीनं ठरवलंस. मला एक फोन तरी करायचास! तेव्हापासून प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी नुसते ओठ हलवते.

आज चर्च सुटल्यावर तुमच्या कल्याणच्या चर्चच्या पाळकांची बायको भेटली. सहज म्हणाली, "तुमची सलोमीपण हल्ली ट्रे पुढे देते हो. बरं नाही का तिला?"

अगं, म्हणजे आईचं ते शिकवणं तूही पाळतेस!

हे पत्र पाठवत नाही. तू उत्तर लिहिशील आणि त्या दगडावरून पुन्हा वाद होईल. त्यापेक्षा पुढच्या प्रभुभोजनाला कल्याणला येऊन तुझ्याच बाकावर बसते. तू ट्रे पुढे दिलास, तर तो माझ्याच हातात येईल.

अजून रागावलेली,
तुझी मार्थाताई