आमेनच्या आधीची शांतता

प्रिय ल्युएलाताई,

तुझ्या मफलरने खोकला बराच दबला आहे. काळजी करू नकोस.

काल आयोवातल्या एका चर्चमध्ये प्रचाराचं जेवण होतं. माझा प्रचार सांभाळणाऱ्या मर्लने बजावलं होतं, "साहेब, आज भाषणाआधी ते नेहमीचं ध्यानबिन नको. दवाखान्यांवर बोला, नाहीतर इथली मतंही जातील." पण खिडकीतून मक्यावरचं सोनेरी ऊन दिसलं, शाळेतली एक कविता आठवली आणि मी म्हणून गेलो, "क्षणभर डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. मी जरा आत वळतोय तोच सगळे एकसुरात "आमेन" म्हणाले आणि बटाट्यांचं भांडं फिरू लागलं. जेवणाआधीची प्रार्थना समजले बिचारे.

भाषण राहिलंच. शेजारच्या आजीने वाढता वाढता विचारलं, "राष्ट्राध्यक्ष झालास तर आमचा बंद दवाखाना उघडशील?"

"उघडीन. आणि उपचार फुकट."

"मग मत तुला. प्रार्थनाही आटोपशीर करतोस. आमचा पाद्री बटाटे गार करतो."

आता मर्लच विचारतो, "साहेब, ध्यान जेवणाआधीच ना?"

सफरचंदं उतरवलीस का? एकटी शिडीवर चढू नकोस. आणि जेवायला बसशील तेव्हा आमेनची घाई करू नकोस. त्या क्षणापुरता मी तुझ्यासमोरच बसलेला असेन.

तुझा धाकटा,
ऑरिन