मानांगची परीक्षा

३ जून १९९४, हारो, इलोइलो

पुतळा! आमच्या मानांगचा! विद्यापीठाच्या डीनबाई सकाळीच सांगून गेल्या — मानसशास्त्र विभागाच्या दारात बसवणार, छातीपर्यंत. मानांग म्हणाली, "छातीपर्यंतच का? पायांनी काय घोडं मारलंय? पोरांमागे तेच तर हिंडलेत."

अकरा वर्षांनी थोरली म्हणून मी अडुसष्टाव्या वर्षीही तिला 'मानांग', म्हणजे ताई, म्हणायचं, आणि तिची हाक कशी — "ए फेली, चष्मा!" डॉ. सोलेदाद सुमागपाओ, देशातली पहिली बालमानसशास्त्रज्ञ. साधा भात लावता येत नाही.

५ जून

वर्तमानपत्रवाला आला. तोच प्रश्न — मुलांची बुद्धिचाचणी कशी सुचली? हिचंही ठेवणीतलं उत्तर. अमेरिकेहून आलेल्या चाचणीत आमच्या पोरांना बर्फावरची घसरगाडी नि धुराडी दाखवायचे. नाही ओळखलं की शेरा — मंदबुद्धी. हिने रेडा, होडी, करवंटी घालून नवी चाचणी केली, बेटं पालथी घातली. त्याच पोरांना चटाचट उत्तरं यायला लागली!

"त्या चाचणीवाल्या साहेबाचा राग आला होता, बास."

"देशप्रेम लिहू का, डॉक्टर?"

"लिही. रागापेक्षा छापायला बरं दिसतं."

त्याला फाटकापर्यंत सोडून आत आले, तर ही विचारते, "वर्तमानपत्रवाला कधी यायचाय?"

मला वाटलं, थट्टा करतेय.

९ जून

थट्टा नाही. तांदळाच्या डब्यात चपला सापडल्या. "मांजराचे उद्योग," म्हणाली. आमच्याकडे मांजर नाही.

१४ जून

डॉ. निलो गायोसोला घरी बोलावलं. मानिलाहून शिकून आलाय, मेंदूचा डॉक्टर. लहानपणी मानांगची चाचणी देता देता चड्डी ओली केली होती — तिने आल्या आल्या त्याला आठवण करून दिली. ते बरं आठवतं!

"सध्या ऋतू कोणता, डॉक्टर?"

"इलोइलोत? ओला. हा संपला की कोरडा. तुमच्या कागदात वसंत आहे वाटतं?"

"आज वार कोणता?"

"निवृत्त बाईला वार विचारू नये. आकस दिसतो."

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मग त्याने घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ तिने सुरेख काढलं. आकडे मात्र सगळे एकाच बाजूला, जीपनी गाडीत कोंबलेल्या माणसांसारखे. तिने बघितलं. पेन्सिल खाली ठेवली. मला त्या घड्याळातलं काय कळणार? पण तिचा चेहरा कळला.

अंगणात निलो म्हणाला, "सुरुवात झालीय, तिया फेली. वाढत जाणार हे." भला मुलगा, अजून मला तिया, मावशीच म्हणतो. माझ्याकडे बघत नव्हता.

२० जून

शेवटी सांगितलं तिला. म्हणाली, "मला ठाऊक आहे. सांगायला तू किती दिवस लावतेस, ते बघत होते." अस्सा राग आला!

२५ जून

डीनबाईंना कळलं. आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या. "मिस फेलिसा, त्यांनी नुसता हात हलवला तरी पुरे. बोलायला नको. त्यांचं नाव… समजताय ना?" समजतेय! देवळातली मूर्ती करून बसवायचं. मी हो म्हटलं. तिचं हसं झालेलं मलाही बघवणार नाही.

२ जुलै

आता बादलीतल्या पाण्यात पाय सोडून लिहितेय. काय दिवस!

पुतळ्यावरचं कापड निघालं. डीनबाई माईककडे निघाल्या. मानांग त्यांच्याआधी पोचली. मी तिची बाही धरली होती, ती सुटली.

"हे नाक कुणाचं आहे?" सगळे हसले. "असो. हे डोकं काशाचं, ते टिकेल. माझं चाललंय. विसरण्याचा आजार झालाय मला. जन्मभर लोकांची पोरं समोर बसवली. आता मी बसते. शिकायचं असेल त्यांनी घरी यावं. कधी विसरायला लागते, कशी चिडते, सगळं बघावं. फेली बाचोयचं सूप खाऊ घालेल."

मला न विचारता!

डीनबाई पांढऱ्याफटक. मागून एका पोरीने विचारलं, "मंगळवार चालेल का?"

"फेलीला विचार," मानांग म्हणाली. "वार तिच्याकडे असतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चालेल.

९ ऑगस्ट

मंगळवार. सहा पोरी, एक पोरगा, भांडंभर बाचोय फस्त. एक पोर मान खाली घालून प्रश्न वाचत होती. मानांग कडाडली, "माझ्याकडे बघून विचार! कागद कुठे पळून जात नाही." पोर रडली. मग दोघींनी मिळून पुन्हा केलं, छान जमलं.

संध्याकाळी मला आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

१५ नोव्हेंबर

सकाळी तिचे केस विंचरत होते. म्हणाली, "हात हलका आहे हो तुमचा. कोण तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं — शेजारची.

"मग सांगायला हरकत नाही. माझी धाकटी बहीण सात वर्षांची होती, तेव्हा शाळेने तिला त्या चाचणीला बसवलं. हिला शिकवून उपयोग नाही म्हणाले, घरी धाडली. वर्षभर मी शिकवलं तिला. आईने तिला सांगितलं, ताप येतो म्हणून घरी ठेवलंय. माझी चाचणी तिच्यासाठी आहे. बाकीची पोरं नंतर आली." मग माझं मनगट धरून, हळूच — "तिला कळू देऊ नका हं. डोक्यावर बसेल!"

नाही कळू देत, म्हटलं.

मला तर तो ताप अजून आठवतो.