बाटलीतली भूक

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. प्रयोगशाळेतलं काम हलकं आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आई फोनवर म्हणाली, माझं मागचं पत्र वाचून तुम्ही चहातली साखर सोडलीत. पण लघवीतून रक्त जातंच आहे, आणि दुखत नाही म्हणून तुम्ही दवाखाना टाळता.

बाबा, त्या पत्राचा अर्थ तसा नव्हता. मी इथे बाटलीत वाढवतो त्या मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशी हावरटासारखी साखर खातात, हे खरं. त्यांच्या बाटलीत मी खाद्य म्हणून साखरेचं गुलाबी पाणी भरतो, ते साखरेचं आम्ल होऊन बघता बघता पिवळं पडतं. पण पाण्यातली साखर बंद केली तरी त्या दुसरं काही खाऊन तगल्या. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, 'वाढ' हा निरोप त्या स्वतःच स्वतःला देत बसतात. 'थांब' म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नाही."

मी विचारलं, "ज्याच्या या पेशी, तो माणूस आता कसा आहे?"

"तो? तुझ्या जन्माआधीच गेला. पेशी तेवढ्या बाटल्यांत वाढत राहिल्या."

बाटली माझ्या हातात कोमट होती.

त्यालाही आधी दुखत नव्हतं, नुसतं लघवीतून रक्त जायचं म्हणे. तुम्हाला तेच असेल असं नाही, पण लवकर कळलं तर उपाय असतो. चहा गोड घ्या, आणि पत्र मिळेल त्याच दिवशी दादाबरोबर दवाखान्यात जा.

तुमच्या फोनकडे कान लावून बसलेला,
तुमचा धाकटा