नाव, गाव आणि बिघाड

२४ जुलै ९९, शनि.

एमएस्सी फिजिक्स पार्ट वनची पोरं आली आणि आम्ही एका दिवसात म्हातारे झालो. गेल्या वर्षी याच वर्गात मी पहिल्या बाकावर ओली छत्री पायाशी घेऊन बसले होते, समोर आमच्या पुढच्या वर्षाची शैलाताई उभी होती. आज समोर मी. ती आता ठाण्याला क्लासमध्ये शिकवते म्हणे. तिची इतकी आठवण आली की स्वतःचंच नाव सांगताना अडखळले.

रीतीप्रमाणे पार्ट टूच्या प्रत्येकाने तीन गोष्टी सांगितल्या. नाव, गाव आणि बिघाड, म्हणजे वर्षभरात आपल्या हातून लॅबमधलं काय फुटलं, जळलं, मोडलं. प्रकाशने, आमच्या लांज्याच्या विदूषकाने, नेहमीसारखा भाव खाल्ला. "मी मीटर जाळला. तो का जळला ते कळेना म्हणून त्याच जागी दुसरा लावला." पोरं लोळायची बाकी होती. मी म्हटलं, नंदा, पूर्णगड, सोडियमचा दिवा. गरम असतानाच उचलायला गेले. शेवटी सर. विद्यार्थी असताना त्यांनी पारा सांडला होता आणि रांगत रांगत गोळा केला होता. दर वर्षी तेच सांगतात, दर वर्षी पारा थोडा वाढतो.

मग चिठ्ठ्या काढून जोड्या. आम्ही पालक, ते पाल्य. मला सुजाता. देवरूखच्या वरच्या अंगाचं गाव, घरची शेती, वडील मुंबईला कामाला. त्या गावातून एमएस्सीला आलेली पहिलीच. तिसऱ्या गोष्टीला अडली. "मी अजून काही मोडलं नाही," म्हणाली. प्रकाश म्हणाला, "घाई नाही, वर्ष मोठं आहे." सगळे हसले. ती नाही हसली.

३१ जुलै, शनि.

सुजाताला डार्करूम दाखवली. भिंगांच्या कपाटात बल्ब का जळत ठेवायचा ते सांगितलं. (आपल्या हवेत बल्ब विझला की भिंगांवर बुरशी धरलीच.) सोडियम लावला तर माझ्याकडे बघून खुदकन हसली. "ताई, तुमचे ओठ काळे दिसतायत!" म्हटलं, सगळे कावीळ झाल्यासारखे पिवळे आणि ओठ काळे, हेच इथलं रूप. शैलाताईनेही मला पहिल्यांदा इथेच हसवलं होतं.

हात फार छान आहे पोरीचा. रीडिंग घेते तर श्वासही जपून घेते. परतताना सांगत होती, घरी काकांचा शब्द चालतो. काका म्हणाले आहेत, वर्षभर बघू. तिकडे काही वेडंवाकडं झालं तर गपचूप परत यायचं आणि लग्नाला उभं राहायचं. हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जणू बसचं टाइमटेबल सांगतेय. माझे बाबा मास्तर. मला हे कोणी कधी म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं किती मोठं आहे हे आज पहिल्यांदा कळलं.

२८ ऑगस्ट, शनि.

इंटरफेरोमीटर गेला, म्हणजे त्यातला आरसा.

आठवडाभर लाइटचा लपंडाव. कपाटातला बल्ब विझलेला, आरशावर बुरशीचा पडदा. मी माझ्या प्रोजेक्टची वही आणायला वर गेले तेवढ्यात सुजाताने ओढणीचं टोक ओलं केलं आणि घरचा आरसा पुसतात तसा पुसला. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, पुसा कितीही. याचा पुढच्या अंगाला. पावसाने आधीच सैल झालेला, तो पट्ट्यापट्ट्यांनी निघून आला. मी आत आले तर ओढणीचं काळंकरडं टोक वर धरून मला म्हणते, "ताई, बघा तरी किती मळ होता!"

किती खुशीत होती.  माझा सगळा प्रोजेक्ट त्या आरशावर. मनातून इतकी भडकले होते की खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागे वळले तेव्हा तिला कळलं होतं.

३० ऑगस्ट, सोम.

प्रकाशने सुचवलं, "मी घेतो अंगावर. दोन मीटर आहेतच, त्यात एक आरसा." खरंच घेतला असता त्याने. पण आम्ही ठरवतोय तोवर सुजाता एकटीच सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आली होती.

सर ओरडले नाहीत. आरसा उजेडात फिरवून फिरवून पाहिला. "पुण्याला पाठवावा लागेल. दिवाळीपर्यंत तरी हा प्रयोग कोणालाच नाही." मग माझ्याकडे वळून, "नंदा, तुझ्या प्रोजेक्टचं काय आता?" साधा प्रश्न. पण सुजाता तिथेच उभी होती, तिचा चेहरा पाहवेना.

११ सप्टें., शनि.

गणपतीची सुट्टी. स्टँडवर ही झुंबड. सुजाता देवरूखच्या गाडीत, मी पूर्णगडच्या. तिची गादीसुद्धा गुंडाळून टपावर. म्हटलं, हे कशाला? "घरी उन्हात घालते," म्हणाली. पाऊस धो धो, कसलं ऊन!

२७ सप्टें., सोम.

सगळे परतले. मोदकांनी सुटलेले, आवाज बसलेले. सुजाता नाही. मागचा आठवडाही नव्हती. तिच्या खोलीतली मुलगी म्हणते, येणार नाही ती, खोली सोडली. सरांना सांगितलं. सर नुसते "हं" म्हणाले, आणि मग, "आपल्याकडून कोणीतरी जायला पाहिजे."

शैलाताई असती तर तिने काय केलं असतं? गेल्या वर्षी दिव्याच्या प्रकारानंतर मी दोन दिवस मावशीकडे तोंड लपवून बसले होते, तेव्हा ती भर पावसात माळनाक्याला आली, मावशीच्या हातची घावनं खाल्ली, लॅबचं अवाक्षर नाही. जाताना म्हणाली, "उद्या ये हो." आणि मी गेले. बस इतकंच. पण हाकेवरचा माळनाका आणि देवरूखच्या वरचं गाव यांत फरक आहे.

३ ऑक्टो., रवि.

जाऊन आले. मावशीने "परतीची गाडी चुकवू नको हो" म्हणत डबा दिला. देवरूखपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी, फाट्यावरून चालत. भात पिवळं पडायला लागलंय. सुजाताची आई अंगणातच होती. "बस गो बाय. येवढ्या लांबून आलीस, च्या घे आधी."

काका राक्षस असतील असं धरून गेले होते. बारीक, खोकणारा, अगत्याचा माणूस. उलट त्याने मलाच अवघड करून टाकलं. "शिकण्याला आमची ना नाय. पन पोरीच्या हातून तिकडं मोडतोड झाली. उद्या कोनी बोललं तं? मान खाली घालून कोनाच्या दारात कशाला जावा?"

 म्हणून आमची ओळखच करून दिली, शनिवारी देतो तशी. मी नंदा, पूर्णगडची, मी दिवा फोडला. प्रकाश लांज्याचा, त्याने दोन मीटर जाळले. शैलाताईने थर्मास फोडला. सरांनी पारा सांडला आणि रांगत रांगत गोळा केला. सुजाताची आई पदर तोंडाला लावून हसत होती.

काका गंभीर. "म्हंजे सरांनी पन?"

"हो काका."

"आनि तरी त्यांना सर केलान?"

"हो."

"मंग तिकडं न मोडलेला कोन हाय?"

"कोणीच नाही. सुजाताच तेवढी होती, ती आता आमच्यातली झाली."

काका खोकले. मग म्हणाले, "वर्षाचं बोललो हुतो. वर्ष व्हायचं हाय अजून." आणि उठून गोठ्याकडे गेले.

सुजाता मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत एकदाच बोलली, "ताई, तुमच्या प्रोजेक्टचं?" म्हटलं, दुसरा घेतला, कॉलेज काही एका आरशावर चालत नाही. "मला वाटलं, तुम्ही परत माझ्याकडे बघणारसुद्धा नाही." तिथे मात्र मला रडू आलं. तिलाही. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "चढायचंय की नुसतं रडायचंय?"

६ ऑक्टो., बुध.

आली. गादीसकट. प्रकाशने दारातच सलाम ठोकला, "या, आरसेवाल्या!" ती लाजली, आणि मग एकदम मोकळी हसली. सरांनी हजेरीत नाव घेतलं, "येस सर" ऐकलं आणि पुढच्या नावाकडे गेले.

११ डिसें., शनि.

आरसा आला पुण्याहून. सुजातानेच बसवला, सगळे मागे उभे. तासभर स्क्रू फिरवले, काही नाही. मग एकदम उजेडाची वलयं दिसली, एकात एक, स्वच्छ.  मला कळत होतं की असे दिवस आता फार नाहीत राहिले. रीडिंग लिहायचं सोडून मी एकेकाचा चेहरा पाहत होते.

२८ एप्रिल २०००, शुक्र.

शेवटचा पेपर झाला. सगळे मांडवीच्या बंदरावर. प्रकाशने भेळ चारली आणि भाषण ठोकलं, अर्धं चेष्टेचं, पुढचं अर्धं त्याला पुरं करता आलं नाही. तो मुंबईला जाणार, मी दापोलीला अर्ज केलाय. परत एकत्र भेटू असं प्रत्येकजण म्हणाला.

डार्करूमची किल्ली सुजाताकडे दिली. पार्ट वन झालं तिचं, पेपर चांगले गेलेत. "ताई, जुलैत मी बोलायला उभी राहणार तेव्हा तुम्ही असायला हव्या होतात." म्हटलं, मी नसणार हेच बरं, माझ्यासमोर तुला लाज वाटेल. खरं म्हणजे मलाच ते पाहवलं नसतं, दुसरं कोणी आमच्या जागेवर.

२१ मे, रवि.

सुजाताचं लग्न. काकांनी कॉलेजचं वर्ष पाळलं, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मुलगा चिपळूणला नोकरीला, शांत आहे, आवडला मला. "पुरं करू दे की शिक्षण," असं तो म्हणाला म्हणे. सासू म्हणाली, "बघू पुढचं पुढे." अक्षता टाकताना सुजाताने गर्दीतून मला शोधलं. हिरव्या चुड्यात इतकी वेगळी दिसत होती. जवळ गेले तर कानात म्हणाली, "किल्ली सरांकडे देऊन आल्ये." बाकी बोलू देतात कुठे!

१८ जून, रवि.

दापोलीत ज्युनियर कॉलेजला लागून पंधरवडा झाला. खोली मुरूडला घेतली, रोज एसटीने वर. संध्याकाळी समुद्राच्या पुळणीवर एकटीच. सगळं चांगलं आहे, स्टाफ चांगला, पोरं चांगली. इथल्या लॅबला पडदेसुद्धा नाहीत, भर उजेडात प्रयोग. आज नुसती त्या पिवळ्या खोलीची आठवण काढत बसले. प्रकाशचे फाजील विनोद, सरांचं "हं". तेव्हा ते सगळं कायमचंच वाटत होतं.

सुजाताचं काही कळत नाही. चिपळूणचा नंबर नाही माझ्याकडे.

२९ जुलै, शनि.

आज ओळखीचा शनिवार. सकाळपासून वर्गात चुकत होते. तास संपल्यावर दापोलीच्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून डिपार्टमेंटला फोन लावला. सरांनीच उचलला. केबिनला लागून वर्ग, मागे पोरांचं हसणं ऐकू येत होतं, कोणीतरी आपला बिघाड सांगत असणार. 

"सर, सुजाता आली?"

"नाही अजून. फी भरून गेलाय तिचा नवरा, परवाच. पण ती नाही आली. पावसाने चिपळूणच्या गाड्या उशिरा आहेत म्हणतात."

उशीर गाडीला की सासूबाईंच्या होकाराला, ते सरांना तरी काय माहीत.

"तिच्या वाट्याला एक मुलगी आल्ये, गुहागरची. सगळ्यांचे पालक बोलून झाले, हिच्या पालकाची खुर्ची रिकामी. दुसऱ्या कोणाकडे देऊ का तिला?"

"नको सर." फारच जोरात म्हटलं मी.

सर म्हणाले, "मग तूच करून दे ओळख." आणि रिसीव्हर कोणाच्या तरी हातात दिला. बारीक आवाजात "हॅलो" आलं.

मी नाव सांगितलं. म्हटलं, तुझी पालक सुजाता. गाव देवरूखच्या वर, आता चिपळूण. बोलायला वेळ लावते, तू घाबरू नकोस, तीही घाबरते. रीडिंग तिच्याकडून शीक, असा हात आमच्या कोणाचा नव्हता. तिचा बिघाड मी सांगणार नाही, तो ज्याचा त्यानेच सांगायचा असतो.

 मग ती पोरगी म्हणाली, "पण ताई, त्या येणार आहेत ना नक्की?"

"हो," मी पुन्हा तसंच जोरात म्हटलं. बूथवाला मान वर करून बघायला लागला. फोन ठेवला तरी मी तशीच आत उभी, बाहेर दोन माणसं खोळंबलेली.