अर्जातली खोडलेली ओळ

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तीन महिने डायरीत तुमच्याबद्दल लिहितेच आहे. पण आज डायरी पुरत नाही. तिला विचारलेला प्रश्न माझ्याकडेच परत येतो, आणि हा प्रश्न तुम्हालाच विचारायचा आहे. उद्या अकरा वाजता वेल्ह्याला एका शपथपत्रावर सही करायची आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं.

तुमची वारसनोंद करायला घेतली तेव्हा वाटलं होतं, मृत्यूचा दाखला, अर्ज, त्यात आईचं, दत्ताचं आणि माझं नाव, झालं. पण तलाठी भाऊसाहेब सातबारे बघून म्हणाले, "एका गटावर अजून तुमच्या आजोबांचंच नाव आहे. त्यांच्या वेळची वारसनोंद काढून आणा." अण्णा, तुम्ही इतके काटेकोर! घरातल्या विळ्यालासुद्धा ठरलेली खुंटी. आबांची जमीन स्वतःच्या नावावर करून घेताना एक गट कसा राहिला? तो राहिला नसता तर ते जुने कागद मी कधी बघितलेच नसते.

भोरच्या ग्रंथालयातून रजा काढून मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत दोन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला जुने कागद सांभाळणाऱ्या बाईंनी लाल फडक्यातला गठ्ठा सोडला, एकेक कागद उलटत गेल्या आणि थांबल्या. "ताई, अक्षर बगा की काय झ्याक हाय! छापल्यागत. आताची पोरं असं लिवत्यात व्हय?"

अक्षर माझं होतं.

आबांचे वारस दोन. पत्नी आणि मुलगा. खाली ओळ : 'याखेरीज मयतास अन्य वारस नाहीत.' आणि त्याखाली तुमची सही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी तुम्हाला तो अर्ज लिहून दिला होता. आणि विंझरची हौसाआत्या, तुमची सख्खी धाकटी बहीण, तेव्हाही होती, आजही आहे.

परतताना एसटीत मी स्वतःला समजावत होते, अण्णांनी सांगितलं ते लिहिलं, मला काय कळत होतं! घरी येऊन ट्रंकेतून त्या वर्षाची डायरी काढली. त्या दिवसाच्या तीनच ओळी आहेत. 'अण्णांना आबांच्या वारसांचा अर्ज लिहून दिला. एक ओळ खोडायला लावली, म्हणून नव्या कागदावर पुन्हा लिहिला. अण्णा खूश, शाईपेन देणार.'

कुठली ओळ, ते लिहिलेलं नाही. पण दुसरी कुठली असणार? मी आत्याचं नाव लिहिलं होतं आणि तुम्ही ते खोडायला लावलंत. आणि मी का म्हणून विचारलं नाही. की विचारलं होतं? आठवायला जाते तर फक्त ते पेन आठवतं. निळं, सोनेरी टोपणाचं. पुढे बी.ए.चे पेपर मी त्याच पेनाने लिहिले.

आणि ते तांदळाचं पोतं, अण्णा! आबा गेले त्या वर्षापासून दरसाल झोडणी झाली, नवा तांदूळ सडून आला, की पहिलं पोतं विंझरला. ते तिकडे पोचल्याशिवाय आपल्या घरात नव्या तांदळाचा भात शिजायचा नाही. मला त्याचा केवढा अभिमान! बहिणीवर माया करावी तर आमच्या अण्णांनी, असं मी सगळ्यांना सांगत आले. ती माया होती ना? की आणखी काही? की दोन्ही?

दत्ताला सांगायला गेले तेव्हा तो गोठ्यात धार काढत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यो कागद बघितलाच न्हाई असं समज."

"बघितलाय दत्ता. आता परत तेच खोटं लिहून द्यायचं का?"

तेव्हा उठला. "ताई, तुला पगार हाय. माजं पोट त्या भाताच्या खाचरावं हाय. आत्याची पोरं मोजणी आणतील ना, तवा त्यास्नी तुजी डायरी वाचून दाखीव!"

आई चुलीपुढून एवढंच म्हणाली, "गेलेल्या मानसाला कशाला उभं करतीस कचेरीत?"

तुमचं नाव खाली आणून मी स्वतःचं मन हलकं करून घेतेय का? शेत कसतो दत्ता. खरेपणा माझा आणि खाचर त्याचं, हा कुठला न्याय?

काल त्या अर्जाची झेरॉक्स घेऊन विंझरला गेले. आत्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, अक्षर माझं आहे हेही. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"पयलं पोतं आलं तवापासनं. आबा हुते तवर कधी आलं हुतं का पोतं? अन् तुजा बाप पोतं उतरवून उंबऱ्याबाहीरच उभा. पानी बी उभ्यानंच प्यायचा. म्या म्हनायची, दादा, आत ये की, बहिनीच्या दारात आलायस का गिरनीच्या? तर म्हनं, टेम्पो थांबलाय. आरं, टेम्पो काय पळून चाललाय व्हय!" आणि ती चक्क हसली.

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? त्यानं इचारलं असतं तर म्या हक्कसोडावं सई दिली असती. समद्या बहिनी देत्यात, माह्यार तुटू नये म्हून. पर त्यानं इचारलंच न्हाई. मी हायच न्हाई, असं लिवलं." मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाली, "काय लिवलंय त्ये वाच."

मी वाचलं. अन्य वारस नाहीत. आपलंच अक्षर वाचताना मला दोनदा थांबावं लागलं.

"आता नीट लिव. आबाच्या नावाखाली माजं नाव. दत्त्याला सांग, म्हातारी काय नांगर घिऊन येत न्हाई. माज्या पोरांचं मातुर म्या सांगू शकत न्हाई."

विचारायचं होतंत हो तिला, अण्णा! एकदा आत जाऊन बसायचं होतंत. ती नाही म्हणाली नसती, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारणं जड गेलं?

वकिलांनी टाइप करून दिलेल्या शपथपत्रात तीच जुनी ओळ आहे. त्यावर मी सही करणार नाही. उद्या कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने आबांचे वारस लिहीन, आत्यासकट. जुनी नोंद दुरुस्त करायला भोरला प्रांत अधिकाऱ्यांकडे जावं लागेल, आणि इतक्या वर्षांच्या उशिराचं कारण द्यावं लागेल. कारण मी खरं तेच देईन. तुमचं नाव त्यात येईल, अण्णा. पण एकट्याचं येणार नाही. तो अर्ज लिहिणारीचंही येईल.

दत्ताला सांगितलंय, आत्याच्या पोरांनी वाटणी मागितलीच, तर आधी माझ्या हिश्शातून जाईल. तो माझ्याशी अजून बोलत नाही. बोलेल की नाही, माहीत नाही.

आणि यंदाचं पहिलं पोतं मी नेणार आहे. पोतं उतरवून टेम्पो परत पाठवीन. आत जाऊन बसेन, आत्याच्या हातचा भात जेवेन. ज्या दिवशी नाव लागेल, त्या दिवशी तो कागद तिला दोनदा वाचून दाखवीन. एकदा माझ्यासाठी, एकदा तुमच्यासाठी. हा शब्द देते.

तुमचा अर्ज लिहून देणारी,
तुमची नंदा