तेवीस नंबरची नळी

५ मे

बर्फ वितळलं, गव्हाची पेरणी आली, आणि शेवटी बाबांनी पेरणीयंत्राच्या नळ्या माझ्या हवाली केल्या! मी बावन्न वर्षांची, ते एक्याऐंशीचे. टाकीतली हवा बी ढकलत फाळापर्यंत नेते, त्या अठ्ठेचाळीस नळ्या. अट आहेच — "गहू उगवला की रस्त्यावरून बघीन, ओरीशा. एक ओळ सुटली, तर पुढल्या वर्षी पुन्हा मी."

७ मे

सगळ्या नळ्या नव्या. कुठे झोळ नाही, कशा चापूनचोपून बसवल्यात. बाबा संध्याकाळी एकेका नळीवर बोटं फिरवत गेले. तेविसावीला थांबले. बिजागरीपाशी, जिथे रस्त्यावरून नेताना यंत्राचे पंख मिटतात.

"ढील कमी आहे. पंख मिटून बघितलंस?"

"बघितलं," म्हटलं. बघितलं नव्हतं. दमले होते आणि रागही आला होता.

९ मे

रस्त्याकडचं शेत पेरलं. बटाटा भरलेल्या पिरोगी तळून खाल्ल्या. बाबांनी माझ्या ताटात दोन जास्त टाकल्या.

२४ मे

गहू वर आला. यंत्राच्या प्रत्येक फेरीच्या पट्ट्यात एक ओळ कोरी. धावत जाऊन पाहिलं — तेवीसच. आमच्या जुन्या यंत्राला नळी अडल्याचा इशारा नाही. शेतावर येताना पंख मिटले तेव्हा ती ताणली, उघडल्यावर पिळून बसली. रविवारी बाबा शेतं बघायला निघणार. शेजारच्या लॉईडला ते दरवर्षी विचारतात, "काय रे, तुझ्या शेताला भांग कोणी पाडला?" या वर्षी आमच्याच शेताला वीस भांग.

२७ मे, रविवार

गाडी मलाच चालवायला लावली. म्हणाले, "मला निवांत बघू दे." लॉईडच्या शेताबद्दल चकार शब्द नाही. आमच्या बांधावर उतरले. कोरी ओळ त्यांच्या बुटासमोरून सरळ निघालेली.

बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "वा पोरी. एकही सुटली नाही."

मला हायसं वाटलं. निदान गाडीत बसेपर्यंत. मग लक्षात आलं, त्या दिवशी ते नळ्यांवर बोटं का फिरवत होते.

२८ मे

सकाळी हाताला धरून त्यांना त्या ओळीत नेलं. खोटं बोलल्याचं सांगितलं. ते गुडघ्यावर बसले, माती चाचपली. इकडे कोंब, मध्ये काही नाही, तिकडे कोंब.

"तेवीस," म्हणाले.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

"गेल्या कापणीपासून. तूही खरं बोलली नाहीस, मीही नाही. फिटलं." माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. "नळ्या तूच लाव. पण माझा हात फिरल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही."